दशावतार आणि उत्क्रांती

रायपूर शहराच्या उत्तरेस, बिलासपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भनपुरी नावाची कारखान्यांची वस्ती आहे. तेथील यंत्रांच्या गलबल्यात वावरणाऱ्यास आपण किती प्राचीन भूमीवर उभे आहोत, याची सहसा जाणीव होत नाही. रायपूरच्या आसमंतातील चुनखडीच्या खडकांत, कांद्याच्या पाकळ्यांप्रमाणे एकावर एक चढलेल्या पातळ थरांचे आकार आढळतात. उथळ समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांनी ते रचले. त्यांचे वय सुमारे १०० कोटी वर्षे, किंबहुना त्याहूनही अधिक आहे. त्या काळी मासा नव्हता, पक्षी नव्हता. मग माणूस कोठला!

याच रायपूरपासून सुमारे ऐंशी किलोमीटरवर महानदीच्या काठी सिरपूर आहे. महाशिवगुप्त बालार्जुनाची माता वासटा हिने पतीच्या स्मरणार्थ तेथे विटांचे विष्णुमंदिर उभारले. लक्ष्मण मंदिर म्हणून ते आज ओळखले जाते. त्याच्या पाषाणी दारावर शेषशायी विष्णू आणि त्याचे अवतार कोरलेले आहेत. सृष्टीची एक कथा खडकाने सांगितली आहे, दुसरी शिल्पकाराने. पहिली खरी मानणाऱ्याने दुसरीपुढे हात जोडावेत की नाही, हा प्रश्न आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्याकडे वरचेवर ऐकू येतात. पहिले उत्तर सरळ नकाराचे. जानेवारी २०१८ मध्ये तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे, डार्विनचा सिद्धांत चुकीचा असल्याचे सांगितले. वानराचा मनुष्य होताना कोणी पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी म्हटलेले नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. देशातील तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त निवेदन काढून तो खोडून काढला. आजच्या वानराचा मनुष्य झाला, असे विज्ञान म्हणतच नाही. दोघांचे पूर्वज एक होते, एवढेच ते म्हणते. शिवाय चुनखडीचे थर साचतानाही कोणी पाहिले नव्हते. न्यायाधीशही डोळ्यांनी न पाहिलेल्या घटनेचा निर्णय पुराव्यावरूनच देतो.

दुसरे उत्तर अधिक गोड आहे, म्हणून अधिक फसवे आहे. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन या क्रमात आपल्या ऋषींनी उत्क्रांतीच सांगून ठेवली, असे ते उत्तर. हा क्रम चित्तवेधक आहे, यात संशय नाही. परंतु कासव आणि डुक्कर हे मनुष्याचे पूर्वज नव्हेत. आणि परशुरामापासून श्रीकृष्णापर्यंत शरीररचनेत कोणता विकास दाखवावयाचा? उत्क्रांती हा जिना नसून फांद्या फुटलेला वृक्ष आहे. अवतार या शब्दाचा अर्थच मुळी खाली उतरणे असा आहे. भक्ताच्या हाकेला धावून येणाऱ्या देवाला प्राणिशास्त्राच्या तक्त्यात बसविले, तर विज्ञानाला काही लाभत नाही आणि भक्तीचे मात्र तेज जाते.

या दोहोंपेक्षा निराळी वाट मराठी वाचकाच्या घरातच आहे. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेला आणि १९१५ साली प्रसिद्ध झालेला लोकमान्य टिळकांचा ‘गीतारहस्य’ हा ग्रंथ या दृष्टीने पुन्हा पाहण्याजोगा आहे. डार्विन आणि हेकेल यांची मते टिळकांनी टाळली नाहीत. सांख्यांच्या प्रकृतिविचाराशी ती ताडून पाहिली. संस्कृतात ‘उत्क्रांती’ म्हणजे मृत्यू, म्हणून ‘गुणोत्कर्ष’ हा शब्द त्यांना अधिक योग्य वाटला. मात्र केवळ जडापासूनच आत्मा निपजला, हे हेकेलचे मत त्यांनी स्वीकारले नाही. देहाच्या घडणीचा विचार शास्त्राने करावा, परंतु पाहणारा कोण, हा प्रश्न त्याने मिटत नाही, अशी त्यांची भूमिका होती. पुढे १९५० साली पोप बारावे पायस यांनीही मानवी देहाच्या उगमाविषयीच्या संशोधनाला मुभा दिली आणि आत्मा ईश्वरदत्त असल्याचे सांगितले.

तेव्हा श्रद्धा आणि उत्क्रांती एकत्र नांदू शकतात. मात्र फुकट नव्हे. श्रद्धावंताला पुराणाच्या अक्षराचा आग्रह सोडावा लागतो. सृष्टीतील निवडीत जीवांचा अपरिमित संहार आहे, तेथे करुणाघन ईश्वर कसा शोधावा, हा प्रश्नही उरतोच. पण तो डार्विनने निर्माण केलेला नाही. पोटचे मूल गमावलेल्या प्रत्येक मातेने तो पूर्वीच विचारला आहे. उलट, सर्व प्राणिमात्रांशी आपले नाते आहे, हा संतांचा भाव विज्ञानाने रक्तामांसाच्या पातळीवर खरा ठरविला आहे.

धोका आहे तो न शिकविण्यात. २०२३ साली राष्ट्रीय शैक्षणिक परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळलेला दिसला. बारावीच्या जीवशास्त्रात तो राहिला. पण दहावीनंतर ज्याने शाळा किंवा हा विषय सोडला, त्याच्यापर्यंत तो कसा पोहोचावा? भनपुरीतल्या कारखान्यात लवकर कामाला लागणाऱ्या मुलालाही पायाखालच्या दगडाची कथा कळली पाहिजे. ती कळल्यावर त्याने सिरपूरच्या दारापुढे हात जोडावेत किंवा न जोडावेत, तो त्याचा अधिकार. जोडलेच, तर ते डोळे मिटून नव्हे, उघडे ठेवून जोडलेले असतील.