मातीची मूर्ती कोण मागते?



बंगळुरूच्या बेळ्ळंदूर तलावाने २०१५ पासून अनेकदा पेट घेतला. पाण्याला आग लागते, हे आपल्या मुलांना पुस्तकात वाचावे लागले नाही. गणेशोत्सवापूर्वी पॉटरी टाउनमध्ये मातीच्याच मूर्तीचा आग्रह धरतात ती बहुधा मुलेच. त्यामागे केवळ निसर्गप्रेम असते, असे मी मानत नाही. मैत्रिणीकडे मातीचा गणपती आला, मग आपल्याकडे का नको, ही ईर्ष्याही असते. असो, ती मला वावगी वाटत नाही.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मज्जाव केला. तरीही ती मूर्ती वजनाला हलकी, दिसायला झगझगीत आणि बहुधा स्वस्त. ज्याची स्वतःची मिळकत नाही, त्या मुलाचा आग्रह वडिलांच्या पाकिटापाशी येऊन थांबतो.

शिवाय प्रश्न विश्वासाचा. ‘पर्यावरणस्नेही’ हा शब्द आता कोणत्याही वेष्टनावर आढळतो. अशा फसव्या दाव्यांविरुद्ध केंद्र सरकारने २०२४ मध्ये मार्गदर्शक तत्त्वे काढली खरी. पण मातीची मूर्तीही रासायनिक रंगांनी माखलेली असेल, तर तलावाला तिचा काय उपयोग? म्हणून दुकानदाराला “रंग कोणता वापरलात?” असे विचारणारी मुलगी मला अधिक मोलाची वाटते.

पालकहो, यंदा मूर्ती ठरवायला मुलांना सोबत न्या. एक वीत लहान मूर्ती चालेल का, हे त्यांनाच विचारा. लहान मूर्तीला किंमतही कमी पडते आणि तिचे विसर्जन घरच्या बादलीतही होते.