शिरसाची फळी कशी पाहावी

आपल्या शेगावच्या आसपास, शेताच्या धुऱ्यावर किंवा रस्त्याच्या कडेला, शिरसाचं झाड तुम्ही पाहिलंच असेल. पानगळ झाली की वाळलेल्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत राहतात. वादळात असं झाड पडलं की बहुतेक वेळा त्याचं जळतण होतं, आणि मला फार वाईट वाटतं. त्या खोडाच्या गाभ्यात गडद तपकिरी, काळसर रेघांचं लाकूड असतं आणि भोवती फिकट पिवळसर कड. लाकडाच्या व्यापारात शिरसाला 'ईस्ट इंडियन वॉलनट' म्हणतात. काश्मीरच्या किंवा अमेरिकेच्या अक्रोडासाठी जग पैसे मोजतं. त्याच्या जवळचं रूप आपल्या धुऱ्यावर उभं आहे. अशा अखंड फळीचं, घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये हातानं घडवलेलं टेबल पाहायचं कसं, ते आज सांगतो.

आधी फळीचा काठ पाहा. आरामशीनवर खोड उभं चिरताना कडा सरळ कापल्या नाहीत, तर झाडाचं वळण टेबलाच्या काठावर तसंच राहतं. मग वरची रेघ धरून फळीच्या टोकापर्यंत जा. अस्सल लाकडात ती रेघ टोकावरून खाली उतरते आणि तिथे झाडाच्या वाढीच्या वर्तुळांचे तुकडे दिसतात. वरून लाकडाचा पातळ पापुद्रा चिकटवलेला असेल, तर रेघ काठावरच तुटते.

आता वाळवणीकडे येऊ, कारण माझ्या मते निम्मी कला इथेच आहे. ओली फळी सावलीत, मध्ये पट्ट्या घालून, थप्पी लावून ठेवतात. इंचभर जाडीला साधारण एक वर्ष, असा जुना हिशेब आहे. आपल्याकडचा वैशाख फार कडक. फळीची टोकं आधी सुकतात आणि तडकतात, म्हणून टोकांना मेण किंवा जाड रंग फासतात. एवढं करूनही लाकूड थांबत नाही. पावसाळ्यात ते रुंदीला फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. लांबीला मात्र जवळजवळ हलत नाही. त्यातही वर्तुळाच्या दिशेनं आकसणं हे गाभ्याकडून सालीकडे आकसण्याच्या साधारण दुप्पट असतं. रुंद फळी पन्हाळीसारखी वाकते ती त्यामुळेच.

म्हणून टेबल उलटं करून पाहा, निदान खाली वाकून तरी. फळी खालच्या चौकटीला घट्ट खिळलेली असेल, तर एका मोसमात ती फाटेल. जाणता सुतार चौकटीत लांबट भोकं पाडतो, म्हणजे स्क्रू धरून राहतो आणि फळीला सरकायला जागा मिळते. पाय साल-कुसूच्या, म्हणजे खाचेत कुसू बसवलेल्या, सांध्यानं जोडलेले असतील, तर त्या माणसाच्या हाताला मनापासून दाद द्या.

फळीत भेग असेल तर? पुष्कळ जण लांबी भरून ती लपवतात. जॉर्ज नाकाशिमा या जपानी वंशाच्या अमेरिकी कारागिरानं ती उघडी ठेवली. भेगेवर आडवी, डमरूच्या आकाराची लाकडी चावी बसवली. दोन्ही टोकांना रुंद असल्यामुळे ती भेगेला पुढे फाकू देत नाही. अक्रोडाच्या अशा टेबलांसाठी ते जगभर ओळखले गेले. 1930च्या दशकात ते पाँडिचेरीला श्री अरविंद आश्रमाच्या 'गोलकोंड' या इमारतीच्या कामावर होते, आणि 1964 साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यांनी फर्निचर घडवलं. चावी पाहताना तिच्या कडांशी फट आहे का, ते नखानं तपासा. पटाशी किती धारदार होती आणि हात किती शांत होता, ते तिथे कळतं.

शेवटचा हात तेलाचा. आपल्या वऱ्हाडात जवसाची चटणी घरोघरी होते. त्याच जवसाचं तेल लाकडाला लावतात. ते हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतं. कच्चं तेल सुकायला आठवडे लागतात, म्हणून रंगाच्या दुकानातलं 'बॉइल्ड' तेल घ्यावं. आधी 80, 120, 180, 220 अशा चढत्या नंबरचा पॉलिश पेपर रेघेच्या दिशेनं फिरवायचा. शिरसाची धूळ नाकाला फार झोंबते, तेव्हा तोंडाला फडकं हवंच. मग तेलाचा पातळ हात, पंधरा-वीस मिनिटांनी वरचं सगळं पुसून टाकायचं, आणि सुकल्यावर पुन्हा. तेलकट फडक्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, तो आपोआप तापून पेट घेऊ शकतो. बाहेर पसरून वाळवा.

रेझिन ओतून भेगेत निळ्या नद्या काढलेली टेबलं हल्ली खूप दिसतात. मला ती रुचत नाहीत, कारण नजर आधी त्या निळ्या रंगावर जाते. तेल दिलेल्या फळीवर तळवा फिरवा, मग खिडकीतून तिरपा उजेड येईल अशा जागी उभे राहा आणि डोकं थोडं डावी-उजवीकडे हलवा. काळ्या रेघांमधली चमक जागा बदलताना दिसली, तर पेपर नीट फिरवलेला आहे आणि तेल वेळेवर पुसलेलं आहे.