पडण्याची किंमत



या व्यासपीठावर काल-परवा विद्वान मंडळी बोलून गेली. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे जे काही झाले ते युनियनच्या कचेरीत आणि कामगार न्यायालयाच्या बाकावर. तीस वर्षे चळवळीत काढलेल्या माणसाने व्हिडिओ गेमवर, तोही बर्फावर घसरण्याच्या खेळावर, काय बोलावे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. चिटणिसांनाही विषय दोनदा सांगावा लागला. आणि बर्फ म्हणाल तर आम्ही तो पाहिला उसाच्या रसाच्या गाड्यावर, नाहीतर मासळी बाजारात.

निमित्त असे झाले. एका रविवारी आम्ही बहिणीकडे गेलो होतो. भाचा पुण्यातल्या एका कंपनीत व्हिडिओ गेम तपासण्याचे काम करतो. सुट्टीच्या दिवशीही तो पडद्यासमोर बसलेला. आम्ही सवयीने बोलून गेलो, "अरे, आठवडाभर खेळच, आणि आज पुन्हा खेळच? काही काम कर की!" त्याने वाद घातला नाही. कंट्रोलर आमच्या हातात ठेवून म्हणाला, "मामा, एकदा उतरून तर बघा."

खेळाचे नाव 'स्टीप', म्हणजे खडा उतार. फ्रान्समधील आन्सी या गावी युबिसॉफ्ट कंपनीच्या कारखान्यात तो तयार झाला आणि डिसेंबर 2016 मध्ये बाजारात आला. आम्ही कारखाना म्हणतो. ते स्टुडिओ म्हणतात. आन्सी हे आल्प्सच्या पायथ्याशी, सरोवराकाठी वसलेले गाव. त्याच्या जवळची आराव्हीची रांग, पलीकडचा माँ ब्लाँ, मॅटरहॉर्न हे डोंगर या खेळात उभे केले आहेत. पायाला एक रुंद फळी बांधायची आणि शिखरावरून निघायचे. आखलेली वाट नाही, दोरी नाही, कठडा नाही. वाट आपली आपण काढायची. या फळीला स्नोबोर्ड म्हणतात. 1965 साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात एका गृहस्थाने मुलीच्या खेळासाठी दोन स्की एकमेकींना जोडल्या, तेथून ही कल्पना रूढ झाली आणि 1998 साली जपानमधील नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये हा खेळ जाऊन पोहोचला.

आम्ही उतरलो आणि पडलो. पुन्हा उतरलो, देवदारासारख्या एका झाडावर आदळलो. उडी मारायची तर उजव्या तर्जनीखालची कळ दाबून धरायची आणि उंचवट्याच्या टोकावर सोडायची. आमची उजवी तर्जनी अर्धीच आहे. भाचा म्हणाला, "मधल्या बोटाने दाबा, मामा." तसे केले. तीस-चाळीस वेळा तरी पडलो असू. दर वेळी एक कळ दाबली की अंगावरचा बर्फसुद्धा न झटकता आम्ही पुन्हा शिखरावर उभे! आणि बंधूंनो, शेवटी एक उतार आम्ही न पडता उतरलो, तेव्हा जो आनंद झाला तो लपविण्याचे कारण नाही. खाली येऊन मागे पाहिले तर कोऱ्या बर्फावर आमचीच एकटी रेघ उमटली होती.

पडणे फुकट असले की माणूस धीट होतो आणि लवकर शिकतो, हे त्या दिवशी कळले. शाळेत आम्हाला असे कोणी पडू दिले असते तर आम्ही सातवीच्या पुढे गेलो असतो, असेही वाटून गेले. असो.

पण खऱ्या डोंगरावर हे पडणे फुकट नसते. घरी आल्यावर आम्ही त्याविषयी वाचले. आखीव वाटा सोडून जे रानबर्फात उतरतात त्यांना मोठे भय हिमकड्याचे, म्हणजे डोंगरावरून एकदम सुटणाऱ्या बर्फाच्या लोंढ्याचे. लोंढा थांबला की तोच बर्फ सिमेंटसारखा घट्ट होतो. आत सापडलेल्याला हातही हलविता येत नाही. बहुतेक माणसे गुदमरून मरतात, आणि वाचवायचे तर पहिली दहा-पंधरा मिनिटेच काय ती हातात असतात. म्हणून असे लोक तीन वस्तू बरोबर नेतात: एक छोटे रेडिओ-यंत्र, एक लांब सळई आणि एक फावडे. यंत्र सतत खूण पाठवीत असते. एखादा गाडला गेला की वरचे सोबती आपापली यंत्रे ऐकण्यावर लावतात, खुणेच्या मागाने जातात, सळईने टोचून पाहतात आणि फावड्याने उकरतात. आता पाहा, ज्याच्या अंगावर यंत्र आहे त्याला ते स्वतः वाचवीत नाही. त्याचे फावडे त्याच्या उपयोगाचे नाही. ते सोबत्यासाठी आहे. आम्ही तीस वर्षे संघटना म्हणजे काय ते गेटसभांतून सांगत आलो, पण इतका नेमका दाखला आमच्या हाती लागला नव्हता.

आमच्या बोटाची गोष्टही येथेच सांगून टाकतो. 1992 साली आम्ही एका प्रेसशॉपमध्ये होतो. प्रेसला दोन कळा असतात. दोन्ही हातांनी त्या एकदम दाबल्याशिवाय वरचा साचा खाली येऊ नये, अशी योजना असते. कारण दोन्ही हात कळांवर असले म्हणजे साच्याखाली एकही नसतो. पण एक कळ बांधून ठेवली की माल भराभर निघतो. आमच्या पाळीत ती बांधलेली असे, हे सर्वांना ठाऊक होते, आम्हालाही. कोणी एकाने बोलायचे तर नोकरीची भीती. सर्वांनी मिळून बोलायचे, हे त्या वेळी आम्हाला सुचले नाही. त्या यंत्राला पुन्हा शिखरावर नेणारी कळ नव्हती.

हे सारे त्या दिवशी भाच्याजवळ बोलत होतो. तो थोडा वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "मामा, खेळातला माणूस पडला तर दगडात रुतून बसत नाही, जमिनीच्या खाली जात नाही, लगेच उठतो. कोणीतरी त्याला आधी हजार वेळा पाडून बघितलेलं असतं म्हणून. ते काम माझ्यासारख्यांचं. आमचा गेम बाहेर यायच्या आधी दोन महिने रात्री अकरापर्यंत बसवतात. जादा कामाचे पैसे मागितले की म्हणतात, खेळायचाच पगार घेता ना? घरी आईपण तेच म्हणते. म्हणून मी आता मागतच नाही. लाज वाटते."

आम्ही काय बोलणार? तासाभरापूर्वी आम्हीही तेच म्हटले होते. नारायण मेघाजी लोखंड्यांनी झगडून मुंबईच्या गिरणी कामगारांना 10 जून 1890 पासून रविवारची सुट्टी मिळवून दिली. त्या रविवारी आपल्या भाच्याने काय करावे हे सांगायला आम्ही निघालो होतो. आणि सोमवार ते शनिवार तो जे करतो त्याला आम्ही कामच म्हणत नव्हतो!

या बाबतीत फ्रान्समधले कामगार आमच्या पुढे गेले. तेथे 2017 साली व्हिडिओ गेम कामगारांची संघटना उभी राहिली. ज्या युबिसॉफ्टने 'स्टीप' काढला, तिच्या फ्रान्समधील कामगारांनी फेब्रुवारी 2024 मध्ये पगारवाढीसाठी आणि ऑक्टोबर 2024 मध्ये घरून काम करण्याच्या प्रश्नावर संप केला. खेळ बनविणे हे काम आहे, एवढे तरी त्यांनी जगाला ऐकविले.

पुढच्या रविवारी भाचा चार सोबत्यांना घेऊन आमच्याकडे आला. आम्ही भाषण केले नाही. एवढेच सांगितले की, आधी एक वही घाला. रोज कोण किती वाजता आला, किती वाजता सुटला ते लिहा, आणि प्रत्येकाने दुसऱ्याच्या नोंदीखाली सही करा. वही सुरू आहे. अजून एक पैसाही मिळालेला नाही, मिळेल असे वचनही आम्ही दिलेले नाही. पण मागायची लाज वाटत होती, ती गेली आहे.

तेव्हा येथे बसलेल्या आईबापांना आमची विनंती आहे. मुलगा सुट्टीच्या दिवशी बर्फावरून घसरत असेल तर घटकाभर घसरू द्या. जमल्यास आपणही शेजारी बसून दोनदा पडून पाहा. आणि तो खेळ कोणाच्या जागरणावर उभा आहे, हे त्याला विचारा. ते उत्तर देणारा मुलगा कदाचित आपल्याच घरात जेवायला बसत असेल.