शरीरपेशींतील जनुक-संपादन : अनेकांचे संशोधन आणि आपला वाटा

(संस्थेच्या वार्षिक कार्यक्रमात आरोग्य समितीच्या वतीने केलेले भाषण)



आजचा आमचा विषय ऐकायला जड वाटेल. परंतु तो प्रयोगशाळेइतकाच आपल्या घरादारातला आहे. मानवी जनुकात बदल करणाऱ्या क्रिस्पर तंत्राचे जगातील पहिले मान्यताप्राप्त औषध नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमध्ये मंजूर झाले, ते सिकलसेल आणि थॅलेसेमिया या रक्ताच्या आजारांवर. आणि सिकलसेल म्हणजे काय हे विदर्भातील माणसाला सांगावे लागत नाही. आदिवासी बांधवांत, आपल्या बौद्ध समाजात आणि इतरही अनेक समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे.

रक्ततपासणीसाठी वस्तीत फिरताना एका माउलीने आम्हाला विचारले, “भाऊ, अमेरिकेत याचं औषध निघालं म्हणतात. मग आता रक्त कशाला तपासता?” त्याच गल्लीत दुसऱ्या घरी उत्तर मिळाले, “पोरीचं रक्त तपासू नका, लग्न जमणार नाही.” एकीकडे भाबडी आशा आणि दुसरीकडे भीती. या दोहोंना उत्तर द्यावे, एवढाच आजच्या भाषणाचा हेतू आहे.

प्रथम आजार समजून घेऊ. रक्तातील हिमोग्लोबिन तयार करण्याची कृती आपल्या जनुकात लिहिलेली असते. त्या लिखाणातील एकच अक्षर बदलले की हिमोग्लोबिनच्या साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. मग प्राणवायू कमी पडताच गोल तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते, बारीक रक्तवाहिन्यांत अडकते आणि असह्य वेदना सुरू होतात. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही जेमतेम दहा-वीस दिवस. १९१० साली शिकागोचे डॉक्टर हेरिक यांनी या वाकड्या पेशींचे वर्णन केले. १९४९ साली लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखविले. १९५२ साली भारतात नीलगिरीच्या आदिवासींत हा दोष प्रथम आढळला. म्हणजे कारण कळून पाऊणशे वर्षे झाली. मुळावर घाव घालणारा उपचार मात्र आता कुठे हाती येत आहे.

हा उपचार आला कसा? २०१२ साली एमानुएल शार्पांतिए आणि जेनिफर डाउडना यांनी क्रिस्पर-कॅस ९ ही ‘कात्री’ जगापुढे मांडली. जीवाणू विषाणूंशी लढताना जी यंत्रणा वापरतात, तिच्यापासूनच ही बनविली आहे. २०२० साली दोघींना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु नुसती कात्री असून भागत नाही. कापायचे कुठे हे ठाऊक हवे. गर्भात असताना बाळाचे हिमोग्लोबिन वेगळे असते, त्यात हा दोष नसतो. जन्मानंतर ते बंद पडते. बीसीएल-११-ए नावाचे जनुक ते बंद ठेवते, हे २००८ साली बोस्टनमधील संशोधकांनी दाखविले. त्या चमूत भारतीय वंशाचे विजय शंकरन होते. नवे औषध याच कुलपाला हात घालते. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तनिर्मिती करणाऱ्या मूळपेशी काढून प्रयोगशाळेत संपादित करतात, केमोथेरपीने अस्थिमज्जेत जागा करतात आणि त्या पेशी परत शरीरात सोडतात. चाचणीत ज्यांच्याबद्दल निष्कर्ष काढण्याइतका काळ लोटला होता अशा ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान १२ महिने वेदनेचा तीव्र झटका आला नाही.

येथे एक गोष्ट मुद्दाम सांगतो. हे कोणा एका प्रज्ञावंताचे काम नव्हे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१८ साली शरीरपेशींतील जनुक-संपादनाचा स्वतंत्र सहकारी कार्यक्रम जाहीर केला. सहा वर्षांसाठी सुमारे १९ कोटी डॉलर ठेवले. नवी संपादन-साधने घडविणे, ती योग्य पेशीपर्यंत पोहोचविणे, प्राण्यांवर पारखणे आणि भलत्याच ठिकाणी काप बसला तर तो शोधून काढणे, अशी कामे निरनिराळ्या विद्यापीठांकडे वाटून दिली. हाती आलेले ज्ञान आपल्याच कपाटात न ठेवता सर्वांसाठी खुले करायचे, हा त्यामागचा विचार. एकाच गावच्या विहिरीवर सर्वांनी पाणी भरावे, तसे हे.

या सहकार्याचे फळ २०२५ साली दिसले. फिलाडेल्फियातील बाल रुग्णालयात एका तान्ह्या बाळाच्या यकृतात जन्मजात दोष होता. रक्तात अमोनिया साचून मेंदूला धोका होता. डॉ. रेबेका अहरेन्स-निक्लास, डॉ. किरण मुसुनुरू आणि अनेक संस्थांनी मिळून केवळ त्या एका बाळासाठी सुमारे सहा महिन्यांत औषध तयार केले. फेब्रुवारीत त्याला पहिली मात्रा दिली. बाळ सुधारून घरी गेले. एकट्यादुकट्या प्रयोगशाळेला हे सहा महिन्यांत जमले नसते.

विद्यार्थी मित्रांनी ‘शरीरपेशी’ हा शब्द नीट लक्षात ठेवावा. यकृत, रक्त, स्नायू यांच्या पेशींत केलेला बदल त्या रुग्णापुरता राहतो. तो पुढच्या पिढीत जात नाही. भ्रूणात केलेला बदल मात्र वंशपरंपरेने उतरतो. २०१८ साली चीनमध्ये हे जियानकुई यांनी असा प्रयोग केला. जगभर निषेध झाला आणि पुढच्याच वर्षी त्यांना तीन वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. आपल्या देशातही भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१९ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी पुढच्या पिढीत उतरणाऱ्या बदलांना मनाई केली आहे. ज्याची संमती घेता येत नाही, त्याच्यावर प्रयोग नको, हे न्यायाला धरूनच आहे.

आता त्या माउलीच्या प्रश्नाकडे वळू. औषध निघाले हे खरे. पण अमेरिकेत त्याची जाहीर किंमत एका रुग्णामागे २२ लाख डॉलर, म्हणजे आपल्या हिशेबाने १८ कोटी रुपयांच्या वर आहे. शिवाय केमोथेरपीचा त्रास सोसावा लागतो आणि मूल होण्याची क्षमता जाण्याचा धोका असतो. ज्या आजाराने आफ्रिकेतील आणि भारतातील गरीब माणूस सर्वाधिक होरपळतो, त्याचे औषध त्याच माणसापासून सर्वाधिक दूर असावे, ही केवळ शास्त्राची अडचण नाही. हा वाटपाचा प्रश्न आहे. आपल्याकडेही प्रयत्न चालू आहेत. दिल्लीच्या जीनोमिक्स आणि समवेत जीवविज्ञान संस्थेने विकसित केलेल्या ‘बिरसा १०१’ या उपचाराची घोषणा नोव्हेंबर २०२५ मध्ये झाली; पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी त्यासाठी करारही झाला. मात्र घोषणा म्हणजे दवाखान्यात मिळणारे औषध नव्हे. चाचण्यांची प्रत्येक पायरी चढावीच लागते.

तोवर आपण काय करायचे? पहिले, रक्त तपासून घ्यायचे. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. वाहक असणे हा आजार नाही आणि तो कोणाचा दोष तर मुळीच नाही. मलेरियाच्या प्रदेशात याच गुणाने वाहकांचे प्राण वाचविले, म्हणून तो टिकला. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात बाळ पीडित होण्याची शक्यता २५ टक्के असते. एवढे आधी कळले तर निर्णय डोळसपणे घेता येतो. आणि तपासणी मुलीचीच का? मुलाचीही झाली पाहिजे. दुसरे, पीडितांनी हायड्रॉक्सियुरिया डॉक्टरांच्या देखरेखीखाली नियमित घ्यावे. तिसरे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. तो हक्क मागून घ्यावा. नागपूरचे संपत रामटेके यांनी सिकलसेल रुग्णांसाठी आयुष्य वेचले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. एक सामान्य माणूस किती करू शकतो, याचा हा दाखला आपल्याच भूमीतला आहे.

चौथी गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. उद्या संशोधक आपल्या वस्त्यांत रक्ताचे नमुने मागायला येतील. त्यांना दारातून परत पाठवू नका. पण विचारा, नमुना कशासाठी, माहिती कोणाकडे राहणार, संमतिपत्र मराठीत आहे का, आणि औषध तयार झाल्यावर ते आम्हाला कोणत्या भावात मिळणार? सहकार्य म्हणजे दोन्ही बाजूंनी दिलेला हात. रक्त आमचे आणि औषध दुसऱ्याचे, असा व्यवहार नको. आणि तुमच्यापैकी काहींनी तरी हे प्रश्न टेबलाच्या पलीकडे बसून, संशोधक म्हणून सोडवावेत.

त्या माउलीला आम्ही इतकेच सांगितले, “माय, औषध वाटेवर आहे. ते आपल्या दारी येईल तेव्हा दार कोणाचं, हे माहीत असायला पाहिजे. म्हणून तपासतो.” तिने आधी आपल्या मुलाला पुढे केले आणि मग स्वतःचा हातही पुढे केला.