ठिपक्याएवढं काम

फोटो स्टुडिओत कामाला लागलो तेव्हा मी अठरा वर्षांचा होतो. कोल्हापुरातला स्टुडिओ. मागच्या बाजूला डार्करूम आणि तिच्या बाहेर, उत्तरेच्या खिडकीपाशी, एक टेबल. त्या टेबलावर बसून स्टुडिओतले अण्णा ‘टचिंग’ करायचे. मला वाटायचं, खरी विद्या आत लाल दिव्याखाली आहे आणि हे नुसतं डाग पुसण्याचं काम. महिन्याभरात अण्णांनी मला त्याच टेबलावर बसवलं आणि माझा गैरसमज दूर झाला.

डाग येतात कुठून, ते आधी सांगतो. निगेटिव्हवर धुळीचा कण बसला की एनलार्जरचा, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राचा, उजेड तिथं अडतो. कागदाला उजेड लागला नाही, की तेवढी जागा पांढरी राहते. पस्तीस मिलिमीटरची निगेटिव्ह दहा बाय बारा इंचांवर नेली, की कणसुद्धा दहापट मोठा होतो. मग नवरदेवाच्या काळ्या कोटावर अक्षता पडाव्यात तसे ठिपके दिसतात. निगेटिव्हवर कितीही फुंकर घाला, ती कितीही झटका, एखादा कण राहतोच. तो ठिपका ब्रशनं भरायचा.

बारीक कामाला बारीक ब्रश, असं मी धरून चाललो होतो. तीन शून्यांचा ब्रश उचलला, रंगात बुडवला, आणि कागदापर्यंत जाईतो टोक सुकलेलं. अण्णा हसले. त्यांनी एक नंबरचा ब्रश हातात दिला. पोट भरलेलं, टोक सुईसारखं. पोटात रंगाचा साठा राहतो आणि टोकाशी हवा तेवढाच उतरतो. नंबर बघू नकोस, टोक बघ, म्हणाले. ब्रश ओला करून झटकायचा. केस एका टोकाला आले तर ब्रश घ्यायचा, दोन फाटे फुटले तर दुकानदाराला परत द्यायचा.

अशा टोकासाठी जगभर नाव आहे ते कोलिन्स्कीच्या केसांचं. हा सायबेरियाकडचा, मुंगसासारखा लांबट प्राणी. त्याच्या शेपटीचे केस वापरतात. विन्सर अँड न्यूटन या इंग्रज कंपनीनं १८६६ साली व्हिक्टोरिया राणीसाठी असे ब्रश बनवले. ती ‘सीरीज सेव्हन’ आजही विकली जाते. आपल्याकडे मुंगसाच्या केसांचे ब्रश सर्रास चालायचे. आता वन्यजीव संरक्षण कायद्यानं मुंगसाला अभय आहे आणि ते ब्रश विकणं गुन्हा आहे. चांगले सिंथेटिक ब्रश मिळतात, ते घ्यावेत. एका ठिपक्यासाठी मुंगूस मारायचं कारण नाही.

आता प्रत्यक्ष काम. पांढऱ्या बशीत रंगाचा थेंब, शेजारी पाणी. ब्रश भरला की टिपकागदावर फिरवायचा, इतका की तो जवळजवळ कोरडा वाटावा. मग त्याच फोटोच्या पांढऱ्या पट्टीवर छटा तपासायची. शेजारच्या करड्यापेक्षा रंग थोडा फिकाच हवा. कमी पडला तर वर आणखी चढवता येतो, जास्त झालेला काढणं अवघड. ठिपक्याच्या कडेवर जायचं नाही. कडेवर रंगावर रंग चढला की काळं कडं उमटतं आणि पांढऱ्या डागाच्या जागी बांगडी तयार होते. मधोमध टोक टेकवायचं, उचलायचं. पुन्हा टेकवायचं. रेघ ओढायची नाही. गालावरचा केसाएवढा ओरखडासुद्धा अशा वीस-पंचवीस टिंबांनी बुजतो. ओठांत धरून टोक काढायची सवय आम्हा सगळ्यांना होती. ती चांगली नव्हती, रंग पोटात जातो.

काळा डाग आला तर उलटं काम. निगेटिव्हच्या थरात बारीक भोक असलं की उजेड जास्त येतो आणि कागदावर काळा ठिपका पडतो. तो ब्लेडच्या कोपऱ्यानं, हलक्या हातानं, खरवडून काढायचा.

माझी भाची पुण्यात असते, मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते. पाटीसारखा टॅब्लेट आणि पेन, एवढंच तिचं सामान. मी म्हटलं, “यात ब्रश कुठाय?” ती म्हणाली, “मामा, बघा.” तिनं एक जाड रेघ ओढली, मग ब्रशच्या सेटिंगमधलं ‘स्पेसिंग’ वाढवलं आणि तशीच दुसरी ओढली. ही रेघ सुटली! मण्यांची माळ दिसायला लागली. म्हणजे संगणकातला ब्रशही रेघ ओढत नाही. एकच शिक्का जवळजवळ उमटवत जातो. म्हटलं, अगं, हे तर आमचं टचिंग!

मग तिच्या भाषेतलं मला कळत गेलं. ती ‘फ्लो’ दहा टक्क्यांवर ठेवते आणि चार वेळा फिरवते. आम्ही रंग पातळ करून चार वेळा टेकवायचो. ती पेन हलकं दाबते तिथं आम्ही मनगट उचलायचो. फोटोशॉप १९९० मध्ये बाजारात आलं आणि २००२ च्या आवृत्तीत त्यात ‘हीलिंग ब्रश’ आला. तो पोत एका जागेचा उचलतो आणि छटा डागाच्या आजूबाजूची घेतो. आमचा अर्धा तास त्यानं एका टिचकीवर आणला. याचं मला वाईट वाटत नाही. डोळे किती शिणायचे, ते मला माहीत आहे.

पण एक गोष्ट सांगतो. मी नवा असताना एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो मोठा करायला आला होता. त्या वारल्या होत्या, घरात भिंतीवर लावायचा होता. हनुवटीवर काळा ठिपका होता. मला वाटलं, निगेटिव्हला भोक. ब्लेडनं सफाईनं काढला, वर छटा बसवली. स्वतःवरच खूश होतो. मुलगी फोटो न्यायला आली, बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “आईचा तीळ कुठं गेला?”

अण्णा मला एक शब्दही बोलले नाहीत. निगेटिव्ह भिंगाखाली धरली. भोकाची कड तुटल्यासारखी असते, तिळाची विरघळत जाते. बघितलं असतं तर दिसलं असतं. त्या रात्री मी नवा प्रिंट काढला.

हीलिंग ब्रशलाही तीळ आणि डाग यांतला फरक कळत नाही. तो ब्रश धरणाऱ्याला कळायला हवा. तुमच्याकडे आजी-आजोबांचे जुने फोटो असतील. हल्ली ते घरबसल्या साफ करता येतात, जरूर करा. मूळ फोटोला हात लावू नका, स्कॅन करून त्याच्या प्रतीवर काम करा. आणि सुरू करण्याआधी, त्या माणसाला पाहिलेलं घरात कोणी असेल, तर त्यांना शेजारी बसवून घ्या.