मृत जंतूंचा वारसा

एकाच जातीचे दोन जंतू. त्यांपैकीं एकानें मनुष्याचा प्राण घ्यावा आणि दुसऱ्यानें कांहींच इजा करूं नये, असें कां व्हावें? हा प्रश्न निघाला रोग्याच्या अंथरुणापाशीं. परंतु त्याचें उत्तर शोधतां शोधतां आनुवंशिकतेचें गूढ शास्त्रज्ञांच्या हातीं लागलें. मी शास्त्रज्ञ नव्हे. मुलांना शिकविण्यांत आयुष्य घालविलेला मॅट्रिक झालेला मास्तर आहें. तेव्हां ही हकीकत वर्गांत सांगावी तशीच सांगतों.

न्युमोनिया म्हणजे फुप्फुसाचा दाह. तो पुष्कळदां न्यूमोकॉकस नांवाच्या जंतूमुळें होतो. हे जंतू कांचेच्या तबकडींत वाढविले असतां कांहींचे पुंजके गुळगुळीत दिसतात, तर कांहींचे खरखरीत. गुळगुळीत जंतूच्या अंगावर शर्करामय पदार्थाचें कवच असतें. त्यामुळें रक्तांतील पांढऱ्या पेशींना त्याला सहजासहजीं गिळतां येत नाहीं. खरखरीत जंतूला कवच नसतें, म्हणून तो निरुपद्रवी. या कवचाचेहि अनेक प्रकार असून त्यांना क्रमांक दिलेले आहेत.

लंडन येथें ब्रिटिश आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेंत फ्रेडरिक ग्रिफिथ हे या प्रकारांचा अभ्यास करीत असत. त्यांचा निबंध १९२८ सालीं प्रसिद्ध झाला. उंदरांना जिवंत गुळगुळीत जंतू टोंचले, ते मेले. जिवंत खरखरीत टोंचले, ते जगले. उष्णतेनें मारलेले गुळगुळीत टोंचले, तेहि जगले. मग त्यांनीं जिवंत खरखरीत आणि मारलेले गुळगुळीत असे एकत्र टोंचले. दोन्ही निरुपद्रवी, तेव्हां कांहीं होऊं नये. पण उंदीर मेले! आणि त्यांच्या रक्तांत जिवंत, कवचधारी जंतू सांपडले.

चौकस श्रोता विचारील, मारलेल्यांपैकीं एखादा जगला नसेल कशावरून? तर नुसते मारलेले जंतू टोंचलेले उंदीर जगलेच होते. बरें, खरखरीत जंतूनें स्वतःचेंच गमावलेलें कवच परत मिळविलें असेल? तेंहि नव्हे. तो मूळचा दुसऱ्या प्रकारच्या वंशांतला. मृत जंतू तिसऱ्या प्रकारचे. आणि सांपडलेलें कवच तिसऱ्या प्रकारचें होतें. शिवाय तें पुढील पिढ्यांतहि तसेंच उतरत राहिलें. मृताची विद्या जिवंतानें घेतली आणि आपल्या संततीला दिली.

ही विद्या कोणत्या पदार्थांत होती? न्यूयॉर्क येथील रॉकफेलर इन्स्टिट्यूटमधील ऑस्वल्ड एव्हरी यांचा प्रथम या गोष्टीवर विश्वासच बसेना. पुढें त्यांच्याच प्रयोगशाळेंत उंदरांवांचून, केवळ मृत जंतूंच्या अर्कानें हा पालट घडवितां आला. मग एव्हरी, कॉलिन मॅक्लाउड व मॅक्लिन मॅकार्टी यांनीं एकेक संशयित वगळण्यास आरंभ केला. कवचाचा पदार्थ काढून टाकला. पालट होतच राहिला. प्रथिनें नष्ट करणारीं पाचकद्रव्यें घातलीं. तरीहि होत राहिला. डी. एन. ए. नष्ट करतांच मात्र तो थांबला. हा निबंध १९४४ च्या फेब्रुवारींत प्रसिद्ध झाला, तेव्हां एव्हरी ६६ वर्षांचे होते. आनुवंशिक गुण प्रथिनेंच वाहून नेत असावींत अशी त्या काळीं अनेकांची समजूत असल्यामुळें हा निष्कर्ष सर्वांनीं लगेच स्वीकारला नाहीं. एव्हरी १९५५ सालीं वारले. त्यांना नोबेल पारितोषिक मिळालें नाहीं. ग्रिफिथ तर १९४१ सालींच लंडनवरील विमानहल्ल्यांत मृत्यु पावले. आपल्या प्रयोगाचा पुरता अर्थ त्यांना कळलाच नाहीं.

ही गोष्ट प्रयोगशाळेपुरती नाहीं. मनुष्याच्या नाकाघशांत राहणारा न्यूमोकॉकस आजहि शेजारच्या जंतूंच्या डी. एन. ए. चे तुकडे उचलतो. पेनिसिलिनला दाद न देण्याची शक्ति त्यानें अशीच नात्यांतल्या दुसऱ्या जंतूंकडून मिळविली आहे. साध्या पडशावर आपल्याच मनानें अशीं औषधें घेणाऱ्याचें पडसें त्यांनीं बरें होत नाहीं. मात्र घशांतले दुबळे जंतू मरतात, निर्ढावलेले उरतात, आणि त्यांची विद्या इतरांना मिळते. पुढें कोणाच्या तरी मुलाला न्युमोनिया होतो आणि नेहमींचें औषध लागू पडत नाहीं. म्हणून डॉक्टरांनीं न सांगितलेलें जंतुनाशक औषध घेऊं नये, आणि सांगितलेलें असेल तें त्यांनीं सांगितल्याप्रमाणेंच घ्यावें, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.