सरावाची मात्रा
(नोएडा येथील क्रीडाप्रशिक्षण परिषदेतील अध्यक्षीय भाषण)



शरीराला त्याच्या सवयीपेक्षा थोडा अधिक ताण दिला आणि त्यामागोमाग पुरेसे अन्न, झोप व विश्रांती दिली, तर ते पूर्वीपेक्षा किंचित अधिक सक्षम होते, या एका निरीक्षणावर क्रीडाप्रशिक्षणाचे बहुतेक शास्त्र उभे आहे. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये ताणाला शरीर कसा प्रतिसाद देते याची मांडणी केली ती प्रयोगशाळेतील उंदरांवरून. पुढे प्रशिक्षकांनी ती उचलली आणि तिच्यातून दोन नियम रुजले. पहिला क्रमशः भारवाढीचा, म्हणजे ताण टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा; दुसरा विशिष्टतेचा, म्हणजे ज्या कामाचा सराव होतो त्याच कामात शरीर तरबेज होते, हे सांगणारा. दोन्ही नियमांत ‘किती’ हा प्रश्न दडलेला आहे, आणि त्याचे उत्तर समोरचे शरीर पाहिल्याशिवाय देता येत नाही. समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या तंदुरुस्तीच्या सल्ल्यांची खरी अडचण येथेच आहे. त्यांत दाखवलेला व्यायामप्रकार पुष्कळदा बरोबर असतो. चुकते ती मात्रा, कारण बोलणाऱ्याला ऐकणारा दिसत नाही आणि ऐकणाऱ्याचे वय, वजन, झोप, जुनी दुखापत व पोटात गेलेले अन्न यांपैकी काहीच ठाऊक नसते.

ही परिषद नोएडात भरत असल्यामुळे येथील एका प्रसंगाचा विचार टाळता येणार नाही. मार्च २०२२ मध्ये चित्रपट दिग्दर्शक विनोद कापरी यांनी मध्यरात्रीच्या सुमारास या शहराच्या रस्त्यावर पाठीला पिशवी लावून धावणाऱ्या, मूळच्या उत्तराखंडच्या एकोणीस वर्षांच्या मुलाचे चित्रण केले आणि ते देशभर पाहिले गेले. सेक्टर १६ मधील उपाहारगृहातले काम संपवून बरोला येथील खोलीपर्यंतचे सुमारे १० किलोमीटर अंतर तो धावत जात होता, कारण त्याला सैन्यात भरती व्हायचे होते आणि सरावाला दुसरी वेळ मिळत नव्हती. मोटारीत बसण्याचा आग्रह झाला तेव्हा सराव बुडेल म्हणून त्याने तो नाकारला. त्या चित्रफितीत कोणीही कोणाला व्यायामाचा सल्ला दिलेला नाही, हे तिचे मोठेपण. सल्ले नंतर सुरू झाले. रोज १० किलोमीटर धावा, झोप विसरा, बहाणे सोडा, असा त्या मुलाने कधीच न दिलेला उपदेश त्याच्या धावण्यातून काढला गेला, आणि परिस्थितीने लादलेली तडजोड हीच प्रशिक्षणाची पद्धत ठरली.

त्या काळच्या भूदल भरतीच्या नियमांशी ही पद्धत ताडून पाहिली तर काय दिसते? शारीरिक चाचणीतील धाव १.६ किलोमीटरची होती. ती ५ मिनिटे ३० सेकंदांत पूर्ण करणाऱ्यास ६० गुण, त्यापुढे ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत ४८ गुण मिळत, आणि बीमवर म्हणजे आडव्या दांडीवर दहा वेळा शरीर उचलल्यास आणखी ४० गुण. साडेपाच मिनिटांचा हिशेब ४०० मीटरच्या धावपट्टीवर मांडला, तर प्रत्येक फेरी साडेब्याऐंशी सेकंदांत पूर्ण करावी लागते आणि तशा चार फेऱ्या सलग माराव्या लागतात. संथ गतीने १० किलोमीटर धावल्याने हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू लागते, स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, आणि हा पाया अत्यावश्यकच आहे. परंतु साडेब्याऐंशी सेकंदांची फेरी केवळ त्यातून निघत नाही. त्यासाठी दोन-तीन महिन्यांच्या पायाभरणीनंतर आठवड्यातून दोनदा खंडित धाव लागते. ४०० मीटर ऐंशी ते ब्याऐंशी सेकंदांत धावायचे, दीड-दोन मिनिटे हळू पळत श्वास सावरायचा, पुन्हा तेच, असे सुरुवातीला चार वेळा आणि पुढे सहा ते आठ वेळा. शेवटची फेरी पहिलीइतक्याच वेळात आली तर मात्रा बरोबर. ती नव्वदवर गेली तर पहिल्या फेऱ्या फाजील वेगाने मारल्या गेल्या किंवा आदल्या दिवशीचा थकवा उतरलेला नाही. घड्याळ हातात धरून मैदानाच्या कडेला उभा असलेला माणूस हे जागच्या जागी ओळखतो आणि त्या दिवसाचा सराव तेथेच थांबवतो. चित्रफितीला ते करता येत नाही. शिवाय दिवसभर उभ्याने केलेले काम हाही भारच असतो आणि तो सरावाच्या वहीत कोणी लिहून ठेवत नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या प्रतिनिधींना हे चित्र परके वाटणार नाही. पोलीस भरतीच्या मैदानी परीक्षेत पुरुषांना १,६०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, आणि तिच्यासाठी तालुक्याच्या गावी पहाटे डांबरी रस्त्यांवर ‘ग्राउंड’ मारणारी मुलेमुली बहुतेक हातातल्या फोनलाच गुरू मानून असतात. त्यांच्यात सर्वाधिक आढळणारी दुखापत नडगीची, आणि ती बहुधा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोके वर काढते. त्यामागे शरीराचा एक सरळ व्यवहार आहे. हृदय व फुप्फुसे काही आठवड्यांतच नव्या कामाला सरावतात, परंतु हाड आणि स्नायूला हाडाशी जोडणारी कंडरा यांना महिने लागतात. त्यातही हाडाच्या पुनर्बांधणीत जुना भाग आधी झिजवला जातो आणि नवा नंतर भरला जातो, त्यामुळे दम वाढलेला असतो नेमक्या त्याच काळात नडगी तात्पुरती दुबळी असते. दुखणे म्हणजे प्रगती, हा पडद्यावरचा लाडका उपदेश अशा वेळी घातक ठरतो. नडगीच्या आतल्या कडेवर बोट फिरवल्यावर वेदना चार-पाच बोटांच्या पट्ट्यात पसरलेली असेल, तर ती बहुधा अस्थिवेष्टनाची, म्हणजे हाडावरच्या आवरणाची कुरकुर असते आणि भार कमी केल्यावर शमते. एकाच ठिपक्यावर बोट ठेवताच माणूस कळवळला, तर हाडाला ताणाची चीर पडल्याची शंका घ्यावी, धावणे त्याच दिवशी बंद करावे आणि डॉक्टर गाठावा. स्नायू दुखण्याचे खापर अजूनही लॅक्टिक आम्लावर फोडले जाते, वास्तविक व्यायामानंतर तासा-दीड तासात लॅक्टेट रक्तातून बरेचसे निघून गेलेले असते. दुसऱ्या दिवशीचा ठणका स्नायुतंतूंच्या सूक्ष्म इजेतून येतो.

मात्रा शरीराप्रमाणे ठिकाणावरही अवलंबून असते, आणि याचे उत्तम उदाहरण खुद्द नोएडाची हवा आहे. पहाटे चारला उठून धावण्याची महती सांगणाऱ्या चित्रफिती बारमाही चालतात, आणि ब्राह्ममुहूर्ताचा संस्कार असलेल्या मराठी घरांत तर त्यांना आयतीच मान्यता मिळते. मे-जूनच्या उन्हाळ्यात हा सल्ला येथेही अचूक आहे. नोव्हेंबर ते जानेवारी या काळात मात्र रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतची गार हवा वरच्या तुलनेने उबदार थराखाली कोंडली जाते, आणि वाहनांचा धूर, बांधकामाची धूळ व जाळलेल्या काडीकचऱ्याचे कण त्याच थरात साचून राहतात. उन्हाने जमीन तापून हवा वर-खाली मिसळू लागली की दुपारी हे प्रमाण बहुधा उतरते. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो, तर जोराने धावणारा तरुण ती शंभर लिटरपर्यंत नेऊ शकतो आणि तीही तोंडाने, नाकाची गाळणी वगळून. हवा गुणवत्ता निर्देशांक ४०० च्या पुढे, म्हणजे ‘गंभीर’ श्रेणीत असताना पहाटे केलेली दहा किलोमीटरची तपश्चर्या फुप्फुसांना काय देते, हे वेगळे सांगायला नको. नाशिकच्या प्रशिक्षकाचे वेळापत्रक नाशिकला योग्य असेल. नोएडात ते डिसेंबरमध्ये दुपारी तीनला सरकवावे लागते, आणि काही दिवस तर घरातच दोरीवरच्या उड्या व जोर-बैठकांवर भागवावे लागते.

तंदुरुस्तीचा बाजार नवा नाही, हेही नोंदवणे जरूर आहे. शरीरसौष्ठवपटू युजीन सँडो याच्या नावाची उपकरणे व पुस्तके एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भारतात येऊ लागली तेव्हा पीळदार छायाचित्र हीच त्यांची जाहिरात होती. औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनीही ती मागवली, बरीच वर्षे निष्ठेने वापरली आणि पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले. त्यावर त्यांनी १९२८ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले आणि संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार चालू केले. बडोद्याहून द. चिं. मुजुमदार यांनी १९३६ पासून व्यायाम ज्ञानकोशाचे दहा खंड काढले. या परंपरेतले सर्वच दावे आजच्या कसोटीला उतरतील असे नव्हे. आखाड्यातल्या खुराकाबद्दल तर अतिशयोक्तीच फार. परंतु वस्ताद पठ्ठ्याला रोज मातीत पाहत असे, त्याच्या जोरांची संख्या बेताने वाढवत असे, आणि पोरगा आजारातून उठला असेल तर त्याला नुसते बसवून ठेवत असे, ही मात्रेची जाण त्या व्यवस्थेत पक्की होती.

तीस दिवसांत कायापालट करण्याचे आश्वासन पडद्यावर स्वस्त झाले असताना अविनाश साबळे यांची आकडेवारी नजरेसमोर ठेवावी. बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा हा जवान महार रेजिमेंटमध्ये दाखल झाला, सियाचिनसह कडक थंडीच्या व उन्हाच्या ठिकाणी तैनात राहिला, आणि प्रशिक्षक अमरीशकुमार यांच्या मार्गदर्शनाखाली वाढलेले वजन उतरवून ३,००० मीटर स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे व पाण्याचे खड्डे ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे वळला. २०१८ मध्ये भुवनेश्वरला ८ मिनिटे २९.८० सेकंदांची वेळ देऊन त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला त्यांची वेळ ८ मिनिटे ९.९१ सेकंद होती. असामान्य कुवतीच्या, पूर्णवेळ सराव करणाऱ्या, तज्ज्ञांच्या देखरेखीखालील धावपटूला वीस सेकंद कमी करायला जवळजवळ सहा वर्षे लागली. साडेसहा मिनिटांत १,६०० मीटर धावणाऱ्या नवशिक्याची सुधारणा अर्थातच सुरुवातीला वेगाने होते, पण महिन्याभरात पूर्ण मिनिट तोडण्याचे वचन देणारा एकतर अज्ञानी असतो किंवा काहीतरी विकत असतो.

विकले जाते त्यात प्रथिनांची भुकटी सर्वांत दृश्य. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये काढलेल्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी अशी पूरके टाळण्यास सांगितले आहे. क्रिएटीनसारख्या एखाद्या पदार्थाला चांगला शास्त्रीय आधार आहे हे मान्य करायला हरकत नाही, मात्र तो आधार अल्पकाळाच्या, पुन्हा पुन्हा कराव्या लागणाऱ्या जोरकस कामापुरता आहे. याहून गंभीर प्रकार मेफेंटरमिनच्या इंजेक्शनचा. भूल दिलेल्या रुग्णाचा घसरलेला रक्तदाब सावरण्यासाठी असलेले हे औषध व्यायामशाळांत आणि भरतीच्या मुलांत दम वाढवणारे म्हणून चोरून विकले जाते, आणि महाराष्ट्रात पोलिसांनी त्याचे साठे वेळोवेळी पकडले आहेत. ते दम वाढवत नाही. हृदयाचे ठोके व रक्तदाब वाढवून थकव्याची सूचना दाबून टाकते, म्हणजे थांबण्याची जी वेळ शरीर सांगत असते ती ऐकू येईनाशी होते. उन्हात धावताना याचे परिणाम प्राणावर बेततात. उत्तेजकांची हवा किती पसरली आहे याचा पुरावा यमुनेपलीकडेच मिळाला: सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्ली राज्य अॅथलेटिक्स स्पर्धेत उत्तेजक चाचणीचे अधिकारी आल्याचे कळताच खेळाडू गायब झाले आणि पुरुषांच्या १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकटाच धावपटू धावला.

कायदा याबाबत अगदीच हातावर हात धरून बसलेला नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीस पहिल्या वेळी दहा लाख रुपयांपर्यंत व पुढे पन्नास लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ऑगस्ट २०२३ च्या केंद्रीय सूचनांनुसार आरोग्यतज्ज्ञ म्हणून सल्ला देणाऱ्याने आपली पात्रता उघड करायची आहे. परंतु या तरतुदींचा रोख दावा आणि विक्री यांच्यावर आहे. कोणतेही उत्पादन न विकता, सद्हेतूने, ‘रोज शंभर बैठका मारा’ असे एखाद्या गुडघेदुखीच्या माणसाला अजाणता सांगणाऱ्यावर त्यांचा इलाज चालत नाही, आणि चालावा अशी मागणीही शहाणपणाची होणार नाही.

म्हणून या परिषदेने एक लहान काम हाती घ्यावे, अशी सूचना अध्यक्षपदावरून मांडण्यात येत आहे. भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी मराठी व हिंदीत बारा आठवड्यांची सरावपत्रिका तयार करावी. तिच्यात फेऱ्यांची वेळ, आदल्या रात्रीची झोप, नोकरीचे तास, त्या दिवशीचा हवेचा निर्देशांक आणि नडगीवरचा दुखरा बिंदू यांसाठी रकाने असावेत. आणि ती दर रविवारी जवळच्या क्रीडाशिक्षकाने प्रत्यक्ष पाहून पुढच्या आठवड्याचा आकडा स्वतःच्या हाताने लिहावा. रकाने किती ठेवायचे यावर मतभेद होतील, आणि क्रीडाशिक्षकांचे रविवार कोणी मागायचे हाही प्रश्न आहे. दुपारच्या सत्रात या दोन्हींवर चर्चा व्हावी. सकाळचे पहिले सत्र नडगीच्या दुखापतींचे असून भौतिकोपचार तज्ज्ञ त्यासाठी तपासणीची मेज घेऊन आले आहेत; ज्या प्रतिनिधींच्या पायांना सध्या त्रास आहे, त्यांनी प्रात्यक्षिकासाठी आपली नावे व्यवस्थापकांकडे द्यावीत.